एक स्क्रीन, फिरवाफिरवी आणि आरशाची भानगड (कापडी बॅनरवर गणित छापताना)

अपूर्णांक · ९ नोव्हेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. दादरच्या एका मराठी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. १७ जानेवारीला गणिती द. रा. कापरेकरांची जयंती असते, त्या दिवशी आम्ही छोटंसं गणित प्रदर्शन भरवतो. मागच्या वर्षीचे फ्लेक्स पावसाळ्यात शाळेच्या गळक्या पत्र्यावर ताडपत्री म्हणून कामी आले, तेवढाच त्यांचा उपयोग. यंदा ठरवलंय की फ्लेक्स नाही, कापड. आणि छापायचं मुलांनीच, चित्रकलेच्या वर्गात. तीन बॅनर, प्रत्येकी चार फूट बाय दहा फूट.

दिवाळीच्या सुट्टीत घरी (परळ, चाळ, सामाईक गॅलरी) अक्षरशः रंगीत तालीम केली आणि फजिती झाली. ती सांगते, कुणी छपाईतलं असेल तर मार्ग सुचवा.

नक्षी निवडली ती 'हॅट' नावाच्या फरशीची. २०२३च्या मार्चमध्ये डेव्हिड स्मिथ, मायर्स, कॅप्लन आणि गुडमन-स्ट्रॉस या चौघांनी ती जाहीर केली. एकाच आकाराची फरशी, तिने अख्खी सपाटी भरते, पण तयार होणारी नक्षी कितीही सरकवली तरी पुन्हा स्वतःवर चपखल बसत नाही. माझ्या वर्गाला ती टोपी वाटत नाही, अर्धवट खोचलेला शर्ट वाटते. माझा हिशोब सोपा होता: आकार एकच, म्हणजे स्क्रीन (चौकटीवर ताणलेली जाळी, जिच्यातून रबराने रंग कापडावर उतरवतात) एकच. ती फिरवत फिरवत छापत जायचं.

मग नीट वाचल्यावर कळलं की काही हॅट उलट्या, म्हणजे आरशातल्या लागतात. दुसरी फिल्म (जिच्यावरून नक्षी जाळीवर उतरवतात तो काळ्या नक्षीचा पारदर्शक कागद) काढली, दुसरी स्क्रीन करून आणली. गॅलरीत चादर अंथरली, तिच्यावर मांजरपाट ड्रॉइंग पिनांनी ताणून बसवलं आणि सुरू केलं. दहाव्या हॅटपर्यंत फटी पडायला लागल्या. कुठे तांदळाएवढी, कुठे बोटभर. ओल्या हॅटवर फ्रेम टेकून डाग पडले ते वेगळेच. आणि कळस म्हणजे संध्याकाळी लक्षात आलं की दोन्ही स्क्रीन एकाच हाताच्या आहेत! दुसरी फिल्म मीच उलटी धरून दिली होती.

सासूबाईंनी बॅनर पाहून "पोतेरं छान झालंय" म्हटलं. तर, कुठून सुरुवात करू?

---

स्लो_लोकल · ९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

पोतेऱ्याचा फोटो टाका की!

वाचतोय. माझी मदत शून्य, पण कापरेकरांचं नाव आलं म्हणून डोंबिवलीकरांतर्फे छाती पुढे. त्यांच्या 'डेम्लो संख्या' आमच्या स्टेशनाच्या नावावरून आहेत.

---

खळ_नायक · १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

बाई, गणित थोडं बाजूला ठेवा, आधी कापडाचं बोलू. तीस वर्षं टेबल प्रिंटिंग केलंय, आधी लोअर परळला, मग भिवंडीला. आता गुडघे टेबल पुरं करू देत नाहीत म्हणून इथे लिहितो.

मांजरपाट कोरं आणलंत आणि तसंच वापरलंत, हो ना? कोऱ्या कापडात खळ असते. रंग खळीवर बसतो, धाग्यात शिरत नाही. पहिल्या धुण्यात खळीबरोबर रंगही निघतो आणि वर कापड आटतं. रात्रभर भिजत घाला, मग गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुवा. गंमत बघायची असेल तर धुण्याआधी धाग्याला धरून पेन्सिलीने ५० सेंमीचा चौरस आखा आणि वाळल्यावर पुन्हा मोजा. चौरस राहिलेला नसेल. उभा धागा मागावर ताणून धरलेला असतो, तो आडव्यापेक्षा जास्त आटतो. अशा कापडावर तुमची हॅट फिरवली की शेजारणीत बसणार कशी?

दुसरं, पिना. पिनांनी ताणलेलं कापड पिनेपाशी ताठ आणि मध्ये सैल असतं. त्यात आपला रंग पाण्यातला. ओलं झालं की कापड फुगतं आणि हलतं. आम्ही काय करायचो? टेबलावर कांबळं, कांबळ्यावर रेक्झिन, त्यावर गोंदाचा पातळ हात आणि त्यावर कापड चिकटवून टाकायचं. मग ते हलत नाही. शाळेत दोन बाकं जोडून वर प्लायवूड टाका, झालं टेबल.

तिसरं, डाग. त्याला आमच्यात एकच मंत्र आहे: एक सोडून एक. पहिला, तिसरा, पाचवा छापत टेबलाच्या टोकापर्यंत जायचं. तोवर पहिला सुकतो. मग परत येऊन दुसरा, चौथा, सहावा.

---

वर्तुळाबाहेर · १० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

खळ_नायक (आयडीला दंडवत!), एक बारीक दुरुस्ती. छापून झाल्यावर कापड उभ्यात जास्त आणि आडव्यात कमी आटलं, पण सगळीकडे सारखंच आटलं, तर फटी पडणार नाहीत. सगळ्या हॅट मिळून चेपल्या जातील, कडा कडांना लागूनच राहतील. वेगवेगळ्या दिशांच्या हॅट वेगवेगळ्या दिसायला लागतील, एवढंच. फट पडते ती एका छापापासून दुसऱ्या छापापर्यंत कापड हलल्यामुळे. म्हणजे खरा गुन्हेगार तुमचा दुसरा मुद्दा.

ताई, आता हॅटबद्दल. अनंत सपाटीवर सुलट्या हॅट आणि उलट्या हॅट यांचं प्रमाण सुवर्ण गुणोत्तराच्या (साधारण १.६१८) चौथ्या घाताइतकं असतं. साधारण ६.८५ सुलट्यांमागे एक उलटी. थोड्या हॅटसाठी तुम्ही पूर्ण वेगळी स्क्रीन केलीत, हीच खरी टोचणी आहे. ज्यांनी हॅट शोधली त्यांनाही ती टोचली होती. 'एकच आकार म्हणता आणि आरसा वापरता' अशी कुरकूर झालीच. म्हणून त्याच चौघांनी २०२३च्या मे महिन्यात 'स्पेक्टर' आणला. त्याला उलटा तुकडा लागतच नाही.

आणि इथे तुमच्या छपाईची खरी मजा आहे. स्पेक्टरचा सरळ कडांचा अवतार घ्या. १४ कडा, सगळ्या एका लांबीच्या, त्यातल्या दोन एका रेषेत. हा तुकडा उलटवायची मुभा दिली तर त्यापासून नेहमीची, ठरावीक अंतराने पुन्हा येणारी नक्षीही करता येते. ती वाट बंद करण्यासाठी कडांना वळण द्यावं लागतं, म्हणजे सुलटा आणि उलटा एकमेकांत बसतच नाहीत. पण तुम्हाला वळण द्यायची गरजच नाही, कारण स्क्रीन उलटत नाही! फ्रेमचं लाकूड एकाच बाजूला असतं, तुम्ही ती फक्त सरकवू आणि फिरवू शकता. गणितात जी अट वेगळी घालावी लागते ती तुमच्या सुताराने आधीच घातली आहे.

---

खळ_नायक · १० नोव्हेंबर, सकाळी १०:०५

कागदावर सगळं सारखंच आटतं हो. कापडावर काठाशी वेगळं आणि मध्ये वेगळं आटतं. पण दुरुस्ती मान्य.

स्क्रीन उलटत नाही हे बाकी सोळा आणे खरं. एका कारागिराने चिडून एकदा उलटवून मारली होती. पाव इंच वर तरंगत होती, सगळा रंग फ्रेमखालून टेबलावर.

---

गोधडीवाली · १० नोव्हेंबर, दुपारी २:३०

आमच्याकडे ही अडचणच नाही बरं का. साध्या रंगवलेल्या सुती कापडाला उलट-सुलट नसतं, तुकडा पालथा घातला की झाली उलटी हॅट. छापील कापड घेतलं की मात्र तुकडा कापतानाच डावा-उजवा ठरतो. आजी चौकड्यांच्या गोधडीला छापील आणि तिरक्या तुकड्यांना साधं का वापरायची, ते आत्ता हे वाचताना कळलं!

---

नाणेफेक · १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

मॅडम, आठवीच्या मुलांकडून स्पेक्टर? त्याच्या ३०-३० अंशांनी १२ दिशा होतात. कुठला कुठे बसतो याचा नकाशा आधी प्रोजेक्टरने कापडावर आखून घ्यावा लागेल, नाहीतर बाराव्या तुकड्याला मुलं रडतील आणि तुम्हीही.

पहिल्या बॅनरला ट्रूशे घ्या. सेबॅस्टियन ट्रूशे या फ्रेंच पाद्र्याने १७०४ साली कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या चौकोनी फरश्यांच्या मांडणीवर लिहिलं होतं. आता जास्त दिसतो तो कंसांचा प्रकार: चौरसाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर केंद्र धरून, अर्ध्या बाजूएवढ्या त्रिज्येचे दोन पाव वर्तुळकंस. बस. प्रत्येक कंस बाजूच्या बरोबर मध्यावर संपतो, म्हणून फरशी कशीही ठेवली तरी शेजारच्या कंसाला जोडलीच जाते. अर्धा फेरा दिला तर काही बदलत नाही, पाव फेरा दिला की दिशा बदलते. म्हणजे प्रत्येक घरात दोनच शक्यता. मुलाने नाणं उडवायचं. छापा आला तर सरळ, काटा आला तर पाव फेरा. ('छापा' शब्दावर कोटी करायचा मोह आवरलाय.)

आठ इंची चौरस धरला तर चार फूट पन्ह्यात ६ आणि दहा फुटांत १५, एकूण ९० घरं. २चा ९०वा घात म्हणजे २८ आकडी संख्या. तेवढे वेगवेगळे बॅनर शक्य आहेत, तुमच्या मुलांनी छापलेला दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही.

आणि ही फरशी आरशात पाहिली तरी एक तर तीच दिसते किंवा पाव फेरा दिलेली. फिल्म उलटी धरा, सुलटी धरा, फरकच पडत नाही. तुमच्यासाठीच बनवली आहे. ह.घ्या.

---

अपूर्णांक · १० नोव्हेंबर, रात्री ९:३५

नाणेफेक, हलके घेतलं. फिल्मचं दुःख ताजं आहे.

खळ_नायक काका, 'एक सोडून एक' पट्टीवर कळतं. पण इथे शेजारी चारही बाजूंना आहेत. मग बुद्धिबळाच्या पटासारखं, आधी पांढरी घरं आणि मग काळी?

---

वर्तुळाबाहेर · १० नोव्हेंबर, रात्री १०:००

चौकोनांना दोन फेऱ्या पुरतात. सर्वसाधारण नकाशाला चार, ॲपल आणि हाकेन यांनी १९७६मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केलेलं चार रंगांचं प्रमेय तेच सांगतं. पेनरोझच्या समभुज चौकोनांच्या नक्षीला (तीही हॅटसारखी स्वतःवर परत न बसणारी) तर तीनच पुरतात. रंग म्हणजे इथे छापायची फेरी. एका फेरीतले तुकडे एकमेकांना लागून नसतात, म्हणून ओल्यावर ओलं येत नाही.

---

खळ_नायक · ११ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

साहेब, तुमच्या प्रमेयाला फ्रेम लावायची राहिली.

नक्षी आठ इंचाची असली तरी स्क्रीन आठ इंचाची नसते. रंग साठायला आणि रबर टेकायला चारही बाजूंनी तीन-साडेतीन इंच मोकळी जाळी, आणि वर दीड इंच लाकूड. म्हणजे नक्षीबाहेर पाच इंच. बुद्धिबळाच्या पटावर दोन पांढरी घरं कोपऱ्याला कोपरा लावून असतात. एक छापलं की दुसऱ्यासाठी फ्रेम ठेवताना तिचा कोपरा पहिल्यावर पाच इंच चढणारच. डाग!

चार फेऱ्या कराव्या लागतील, पण तुमच्या प्रमेयातल्या नव्हेत. उभ्यातही एक सोडून एक आणि आडव्यातही एक सोडून एक. विषम ओळ-विषम घर, विषम ओळ-सम घर, मग सम ओळीतही तसंच दोनदा. अशाने दोन ओल्या छापांमध्ये आठ इंच मोकळे राहतात आणि फ्रेम पाचच इंच बाहेर येते. म्हणून नियम एवढाच: नक्षी फ्रेमच्या बाहेर येणाऱ्या भागापेक्षा मोठी हवी. चार इंची फरशी घेतलीत तर चार फेऱ्यांतही सुटका नाही.

फ्रेम स्वतः चौरस हवी आणि नक्षी तिच्या बरोबर मध्यावर. टेबलाच्या कडेला पट्टी ठोकून तिच्यावर स्टॉपर लावाल, पाव फेरा दिला तरी फ्रेम त्याच स्टॉपरला टेकली पाहिजे. नक्षी मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेली असली तर अर्ध्या फेऱ्यात ती दोन मिलिमीटर चुकते. मुलांना बजावून ठेवा की अर्धा फेरा 'काही बदलत नाही' म्हणून द्यायचा नाही. नक्षी बदलत नसेल, पण स्क्रीनची चूक बदलते.

---

वर्तुळाबाहेर · ११ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

हरलो. शेजारी कोण, ते नक्षी ठरवत नाही, फ्रेम ठरवते.

---

गोधडीवाली · ११ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

ठसे का नाही वापरत? लाकडी ठशाला फ्रेमच नाही, डागांचा प्रश्न मिटला.

---

खळ_नायक · ११ नोव्हेंबर, दुपारी १:१५

ठसा बारीक नक्षीला राजा. पण आठ इंचाचा भरीव स्पेक्टर ठशाने मारा, मध्ये ढग दिसतील. भरीव रंग सपाट हवा असेल तर स्क्रीनच. शिवाय ठसा उलटा कोरावा लागतो, बाईंना पुन्हा आरसा भेटेल.

---

स्लो_लोकल · १३ नोव्हेंबर, रात्री ११:४५

धागा वर काढतोय. या धाग्याने माझी वाट लावली. घरीच स्क्रीन एक्सपोज करायचं (उजेडाने नक्षी जाळीवर उतरवायचं) डोक्यात घेतलंय. काळोख कुठे करायचा? वन रूम किचन आहे. आणि फिल्म नक्की कशी ठेवायची, की अपूर्णांक ताईंसारखी होऊ नये?

---

खळ_नायक · १४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

गडद काळोख नको, पिवळा दिवा चालतो. न्हाणीघरात रात्री करा. जाळी ४३ टी घ्या, म्हणजे सेंटीमीटरला ४३ धागे, इंचाला साधारण ११०. कापडावरच्या भरीव कामाला तीच. बारीक रेघ असेल तर ७७ टी, पण तिच्यातून रंग कमी उतरतो. इमल्शन (उजेडाने कडक होणारा लेप) दोन्ही बाजूंनी पातळ ओढा, जाळी आडवी ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळवा. आत्ता हवा कोरडी आहे म्हणून बरं. जुलैत मुंबईत इमल्शन वाळत नाही, नुसतं घाम गाळतं. मग फिल्म, वर काच, वर उजेड. जिथे काळं आहे तिथे उजेड पोचत नाही, तेवढं इमल्शन पाण्याने निघून जातं. बाकीचं कडक होतं. किती मिनिटं ते तुमच्या दिव्यावर. कागदाच्या पट्टीने झाकत झाकत १, २, ३, ४ मिनिटांची चाचणी करून घ्या, मला विचारू नका.

बायक्रोमेट घालायचं जुन्या पद्धतीचं इमल्शन आणू नका, विशेषतः मुलांसाठी. नारिंगी पाणी. त्यातलं क्रोमियम विषारी असतं आणि आम्ही ते उघड्या हातांनी कालवायचो. माझ्या बोटांच्या पेरांवर अजून खुणा आहेत. आता तयार फोटोपॉलिमर मिळतं, तेच घ्या. तरी हातमोजे हवेतच.

फिल्मबद्दल: कोपऱ्यात, नक्षीच्या बाहेर, एक 'क' लिहून ठेवा. स्क्रीन तयार झाली की रबर ओढायच्या बाजूने बघा. 'क' सरळ वाचता आला तर छापही सरळ येईल. मग त्या 'क'वर चिकटपट्टी लावून टाका. नक्षी स्वतः उलटी आहे की सुलटी हे ती बोलत नाही, अक्षर बोलतं.

---

अपूर्णांक · १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

हा 'क' मला दिवाळीत हवा होता!

वर्गात एक प्रयोग केला, तो सांगते. मुलांना विचारलं, ज्याला स्वतःची कुठलीच सममिती नाही असा एक आकार स्क्रीनवर आहे, समजा 'ग'. सरकवणं आणि फिरवणं एवढंच करता येतं. मग पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे किती प्रकार छापता येतील? फ्योदोरोव्हने १८९१ साली अशा नक्षीचे सगळे मिळून १७ प्रकार सिद्ध केले आहेत. त्यातल्या १२ प्रकारांत कुठे ना कुठे आरसा असतो, किंवा आरसा मारून पुढे सरकणं असतं. उरतात ५: नुसतं सरकवणं, अर्धा फेरा, तिसरा हिस्सा, पाव फेरा आणि सहावा हिस्सा. माझ्या एका स्क्रीनच्या वाट्याला १७ पैकी ५. साडीच्या काठासारखी पट्टी घेतली तर ७ पैकी फक्त २.

एक मुलगी म्हणाली, "बाई, 'ग'च्या ऐवजी रांगोळीतलं कमळ घ्या ना, त्यात आरसा आधीच आहे." तिने माझा पुढचा तास खाऊन टाकला. आरसा नक्षीच्या पोटातच असेल तर स्क्रीनला तो मारावा लागत नाही. म्हणून तिन्ही बॅनरच्या काठाला स्लो_लोकल यांच्या डेम्लो संख्या घेतल्या: १, १२१, १२३२१, १२३४३२१. म्हणजे १, ११, १११ आणि ११११चे वर्ग. अंकांऐवजी तेवढ्या उंचीचे खांब, दोन्हीकडून सारखेच.

---

स्लो_लोकल · १४ नोव्हेंबर, रात्री १०:३१

डोळे पाणावले. पुढच्या गाडीचं अनाऊन्समेंट ऐकू आलं नाही.

---

वर्तुळाबाहेर · १५ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

मधला बॅनर कापरेकरांचाच करा ना. ६१७४. इतरांसाठी थोडक्यात: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. देवळालीच्या शाळेतल्या या मास्तरांनी १९४९ साली ते जगाला सांगितलं. १९७५मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर सदर लिहिलं तेव्हा कुठे बाहेर नाव झालं.

०००० ते ९९९९ असा १०० बाय १००चा पट करा. ओळ म्हणजे पहिले दोन अंक, रकाना म्हणजे शेवटचे दोन. प्रत्येक घरात एक ठिपका. जितक्या पायऱ्या, तितका मोठा.

---

अपूर्णांक · २२ नोव्हेंबर, रात्री ११:१५

आठवडाभर याच्यातच बुडाले आहे. वर्तुळाबाहेर, तुम्ही नुसता पट सुचवलात, आत काय आहे ते सांगितलं नाहीत!

घर ७ मिलिमीटरचं, पट ७० सेंटीमीटर चौरस. ठिपक्याचा व्यास पायऱ्या गुणिले ०.८ मिलिमीटर, म्हणजे सर्वात मोठा ५.६. छापून पाहिला तर अख्खं कापडच विणल्यासारखं दिसतं. का ते मुलांनी शोधलं. १२ची ओळ आणि २१ची ओळ एकसारख्या आहेत, कारण अंक तेच. त्यामुळे १०० ओळींत वेगवेगळ्या ओळी फार तर ५५. ओळी आणि रकाने अदलाबदल केले तरी तोच पट, म्हणजे कर्णावर आरसा. सगळे अंक सारखे असलेली दहा घरं रिकामी, ती त्याच कर्णावर ओळीने बसली आहेत, भोकं पाडल्यासारखी.

आणि सर्वात मोठं घबाड: प्रत्येक अंक ९मधून वजा करा. ३५२४चं ६४७५ होतं. उतरता आणि चढता क्रम एकमेकांच्या जागा घेतात, पण दोघांतला फरक तोच राहतो! म्हणून पायऱ्याही त्याच. पटावर याचा अर्थ अर्धा फेरा. म्हणजे काका, मला ७० बाय ७०ची स्क्रीन नकोच. वरच्या ५० ओळींची, ३५ बाय ७०ची पुरे. छापायची, सुकू द्यायची, फ्रेम अर्धा फेरा फिरवून खाली पुन्हा छापायची.

फक्त ६१७४ने जीव खाल्ला. त्याला शून्य पायऱ्या लिहिल्या तर तिथे ठिपका नाही, पण अर्ध्या फेऱ्याने त्याच्यासमोर येतो ३८२५ आणि त्याला एक पायरी लागते. शेवटी ६१७४ला एक पायरी धरली (७६४१ वजा १४६७ म्हणजे तोच परत) आणि वरून हाताने लाल टिकली लावायची ठरवली.

---

खळ_नायक · २३ नोव्हेंबर, सकाळी ७:००

शाब्बास. अर्धी स्क्रीन वाचवली म्हणजे तुम्ही आता धंद्यातल्या झालात.

फिल्म जाळीवर सरळ ठेवू नका, वीस-बावीस अंश तिरकी ठेवा. ठिपक्यांच्या ओळी जाळीच्या धाग्यांशी समांतर असल्या तर मधूनच पाण्यावरच्या लाटांसारखे पट्टे दिसतात. त्यासाठी फ्रेम थोडी मोठी घ्या. अर्ध्या फेऱ्याला पक्की मध्यरेघ लागेल. ५०वी आणि ५१वी ओळ जवळ आली किंवा लांब गेली तर दहा फुटांवरून दिसतं, ठिपका चुकला तर दिसत नाही.

रंगात बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवतो तो) कमी पडू देऊ नका. वाळल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री, एका जागी चार-पाच मिनिटं. कारखान्यात १५० अंशांवर भाजतात, इस्त्री तेच काम हळू करते. काळ्या कापडावर पांढरं मारायचं असेल तर साधा पांढरा रंग शोषला जाऊन मरतो. दुकानात 'खादी' पेस्ट मागा. खादीच्या कापडाशी तिचा संबंध नाही, जाड पांढऱ्या रंगाला आमच्यात खादीच म्हणतात.

---

नाणेफेक · २८ डिसेंबर, रात्री ८:४०

काय झालं पुढे? महिना झाला, शांतता.

---

अपूर्णांक · १९ जानेवारी, रात्री ९:५०

उशीर झाला, माफी असावी. सहामाहीचे पेपर, मग छपाई, मग प्रदर्शन.

ट्रूशे दोन शनिवारांत झाला. ९० घरं, चार फेऱ्या. एका गटाने नाणं हरवलं आणि मग मधल्या सुट्टीतल्या वडापावच्या बिलाचा शेवटचा अंक सम की विषम यावर ठरवलं. बिलं सगळी सम निघाली, त्यामुळे खालच्या डाव्या कोपऱ्यात सलग सात फरश्या एकाच दिशेच्या आहेत. येणारा प्रत्येक जण बरोबर तिथेच बोट ठेवतो.

कापरेकरांचा बॅनर सर्वात सुरेख. मध्यरेघ एका टोकाला दीड मिलिमीटर फाकली, काका, तुम्ही येऊन पाहिली आणि काही बोलला नाहीत, त्याबद्दल आभार. मुलांनी स्वतःची जन्मसालं शोधली आणि नंतर कापरेकरांचं. १९०५ला सात पायऱ्या लागतात. ज्या साली त्यांनी सांगितलं त्या १९४९लाही सातच. दोन्ही पटावरचे सर्वात मोठे ठिपके.

स्पेक्टर मात्र दहा फुटांचा झाला नाही, सहाच फूट. प्रोजेक्टरने नकाशा आखला, तरी फिरवण्यात दोनदा चुकलो, ती दोन भगदाडं तशीच ठेवली. कापड पातळ घेतलं होतं, मलमल. तो बॅनर मधल्या चौकात दोरीवर लावला, ऊन मागून. रंग आरपार उतरलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखाच ठळक. सातवीतला एक मुलगा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मागच्या बाजूला उभा होता. तो तिथून ओरडला, "बाई, इकडून सगळे उलटे आहेत! सगळेच्या सगळे!" मग मुलं अर्धा तास जिना चढत-उतरत होती.

---

वर्तुळाबाहेर · १९ जानेवारी, रात्री १०:१२

म्हणजे उलटी स्क्रीन न करताच तुम्ही उलटा स्पेक्टर छापलात. शेवटी उलटलं ते कापड!

---

खळ_नायक · २० जानेवारी, सकाळी ६:४५

फाकलेली मध्यरेघ पाहिली होती. चहा चांगला होता म्हणून बोललो नाही.

स्क्रीन धुतल्यात का? बाइंडर जाळीत वाळला की रॉकेलनेही निघत नाही.

---

अपूर्णांक · २० जानेवारी, सकाळी ७:०५

धुतल्या, एक सोडून एक.